भाऊ एमडीच्या (मेफेड्रोन, नशेची पावडर) नादी लागलाय. सरकारी दवाखान्यात न्यावं की खासगी केंद्रात टाकावं? (नाशिक)

नाशिकची_ताई

माझा धाकटा भाऊ वीस वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीपासून एमडी घेतोय, आम्हाला कळलं मागच्या महिन्यात. दोन-दोन रात्री झोपायचा नाही, जबडा सारखा हलत असायचा आणि मग एकदा आडवा झाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठायचा नाही. आईला वाटायचं, सबमिशनचं जागरण आहे. शेवटी फोनच्या कव्हरमागे बोटाच्या पेराएवढी झिपची पिशवी सापडली, सोबत सुरळी केलेली दहाची नोट.

26 जूनला त्याच्या कॉलेजात नशामुक्तीची शपथ झाली. फोटोत तो पहिल्या रांगेत हात पुढे करून उभा आहे. तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल, हे आठवून मला रडू येतं.

मामांच्या ओळखीचं एक केंद्र आहे. ते म्हणतात, तुम्ही फक्त पत्ता द्या, रात्री गाडी येईल, तीन महिने भेटायचं नाही. महिन्याला अठरा हजार. सरकारी दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होते का? पुढे नोकरीला अडचण येईल का? घरात कुणाचंच डोकं चालत नाहीये.

सिडकोचे_काका

ताई, रात्रीची गाडी बोलावू नका. मी बोलावली होती.

2023 चा उन्हाळा. पहाटे दोनला चार माणसं आली. पोरगा बनियनवर झोपला होता. दोघांनी हात धरले, एकाने तोंडावर हात ठेवला. जिन्यात त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पप्पा, सांगा ना यांना." मी काही बोललो नाही, चपला तेवढ्या खाली नेऊन दिल्या. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा घोट्याभोवती साखळीचे वण होते. नवव्या दिवशी त्याने पुन्हा घेतली. त्या केंद्रात डॉक्टर नव्हताच, हे नंतर कळलं. मी दारावरची पाटी वाचली होती, कागद मागितला नव्हता.

पुढे शेजारच्या सिस्टरनी 14446 हा नंबर दिला. केंद्र सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग जवळ उपचार कुठे मिळतील ते सांगितलं. सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात गेलो. केसपेपरलाही पैसे लागले नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. डॉक्टरांनी आधी मला बाहेर बसवलं आणि पोराशी एकट्याशी बोलले. अर्ध्या तासाने तो बाहेर आला आणि म्हणाला, "ॲडमिट होतो." घरात आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.

आणखी एक सांगतो, कारण ते मला फार लागलंय. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, तेव्हा रोज पेपरात तेच. किती किलो, किती कोटी. पकडायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण जी पोरं आधीच अडकलीत त्यांनी उद्या सकाळी कोणत्या दारात जायचं, ते कुणी सांगितलं नाही. नशामुक्त भारत अभियान 15 ऑगस्ट 2020 ला 272 जिल्ह्यांत सुरू झालं. शपथा झाल्या, फेऱ्या निघाल्या. माझ्या पोराच्या कॉलेजातल्या फलकावर 14446 कुठेच नव्हता. शपथेच्या वर तो नंबर मोठ्या अक्षरांत हवा.

रात्रपाळी_सिस्टर

पोलीस केसची भीती काढून टाका. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा 1985 चा आहे, त्यात कलम 64अ आहे. सेवनाचा किंवा अमली पदार्थाच्या अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. भाऊ तर कुठे पकडलाही गेलेला नाही. दवाखान्यात आजारी म्हणून येतोय, आजारी म्हणूनच बघतील.

खासगी केंद्र बघायचंच असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हणा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. पेशंट तयार नसतानाही दाखल करता येतं, पण त्याचे नियम ठरलेले आहेत. दोन जणांनी स्वतंत्र तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुदत 30 दिवसांपर्यंत. चार माणसं आणि गाडी हे त्यात बसत नाही.

आता एमडीबद्दल. गर्दवाल्या (ब्राउन शुगर घेणाऱ्या) पेशंटला बुप्रेनॉर्फिन ही गोळी देता येते, तलफ आटोक्यात राहते. एमडीला अशी बदली गोळी नाही. झोप आणि उदासी यांवर औषध देतात, बाकी समुपदेशन आणि घरच्यांची साथ. बंद केल्यावर पहिले काही दिवस मन फार खचतं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. त्या दिवसांत त्याला एकटं झोपू देऊ नका. तुमच्याशी बोलायला कुणी नसेल तर 14416, टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, रात्रीही चालू असते.

तो राजी असेल आणि पुण्याला जमत असेल तर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. गर्दच्या दिवसांत, 1986 ला सुरू झालेलं. 35 दिवस राहावं लागतं आणि पुढे फॉलोअप असतो. फॉलोअप चुकवायचा नाही.

नाशिकची_ताई

मामांना नाही म्हणून सांगितलं. काल रात्री त्याच्या खोलीत जाऊन बसले. ओरडले नाही. पिशवी सापडली एवढंच म्हणाले. तो खूप वेळ नखं कुरतडत बसला, मग विचारलं, "आईला सांगितलंस?" सांगितलंय म्हटल्यावर उशीत तोंड घालून रडला. मंगळवारी ओपीडीला येतो म्हणालाय. ऐनवेळी नाही म्हणाला तर काय करू? काका, तुमचा मुलगा आता कसा आहे?

सिडकोचे_काका

चौदा महिने झाले. त्याआधी दोनदा घसरला. दुसऱ्यांदा स्वतःच पंचवटीच्या स्टॉपवरून फोन केला, "पप्पा, घेतलीय, न्यायला या." मी गेलो, वाटेत चहा पाजला, तसाच डॉक्टरांकडे नेला.

मंगळवारी नाही म्हणाला तर भांडू नका, तुम्ही आणि आई दोघीच जा. डॉक्टर घरच्यांशीही बोलतात. मी साडेआठला केसपेपरच्या खिडकीजवळ उभा असेन, माझा पोरगाही येतो म्हणतोय. त्याच्या पाठीवर लाल सॅक असेल.