डीव्हीडी प्लेअरवर फाइली चालवायचो तेव्हाचे अनुभव

हर्णैची_पोर: गणपतीआधी माळा आवरताना जुना डीव्हीडी प्लेअर हाती लागला, पुढे 'डिव्हएक्स'चा (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) शिक्का. दादा मुंबईहून येताना ७०० एमबीच्या एव्हीआय, म्हणजे व्हिडिओच्या फाइली सीडीवर भरून आणायचा. आमच्याकडे डायल-अप, रात्री उतरवायला लावावं तर पहाटे लाइट गेलेली. आजी सीडी घालून स्वतः रिमोट चालवायची, फोल्डर दिसलं की खूश. तुमच्याकडे काय चालायचं, काय अडायचं? लिहा सगळे.

चिपळूण_ते_चर्चगेट: एमकेव्ही (व्हिडिओ फाइलचा दुसरा प्रकार). आमच्या प्लेअरने कधीच घेतली नाही. एव्हीआय हा नुसता डबा हो, आत काय भरलंय ते महत्त्वाचं. डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड (तसलीच दुसरी पद्धत) असेल तर चालायचं, एच.२६४ (नंतरची पद्धत) असेल तर 'फाइल चालत नाही'. आणि एक्सव्हिड असूनही क्यूपेल, जीएमसी (व्हिडिओ आणखी दाबायच्या दोन सोयी) चालू ठेवून बनवलेली फाइल बऱ्याच प्लेअरवर झेपायची नाही. मामा फाइल बनवताना दोन्ही बंद करायचा, मग बिनघोर.

खळ्यातलो: आमच्या कुडाळाक दशावताराचा नाटक लावला काय अख्खी वाडी खळ्यात. टीव्ही भायर, लांब वायर. लाल-पांढरी-पिवळी पिन हलली की चित्र काळा-पांढरा, मग कोणतरी उठान पिन धरून रवायचो. धयकालो (दशावताराचो खेळ) सुरू झालो काय आजूनय ता आठवता माका.

माहेर_देवगड: आमच्या प्लेअरला देवनागरी नाव दिलेली फाइल चालायची, पण पडद्यावर नावाच्या जागी नुसत्या चौकटी. इंग्रजी नाव दिलं तर आईला वाचता येईना. मग बाबांनी सगळ्या फाइलींना ०१, ०२, ०३ अशी नावं दिली आणि शाळेच्या वहीत मराठीत यादी केली: ०७ भावाचं लग्न, ०८ कीर्तन, ०९ नमन. आई चष्मा लावून यादी बघायची, आकडा दाबायची. कोणाला विचारावं लागत नाही याचा तिला केवढा आनंद! वही अजून आहे, बाबा नाहीत.

हर्णैची_पोर: @माहेर_देवगड वाचून गलबलले गं. वही जपून ठेव.

गुहागरवाले_काका: पेनड्राइव्हचं कोणी लिहिलं नाही? आमच्या प्लेअरला यूएसबी होतं पण एनटीएफएस वाचायचा नाही, फॅट३२ लागायचं (पेनड्राइव्ह फॉरमॅट करायच्या या दोन पद्धती). त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर बसत नाही. पुतण्याने लग्नाची एकच लांबलचक फाइल पाठवली होती, तिचे तुकडे करूनच द्यावी लागली. सबटायटल हवं तर त्याच्या .एसआरटी फाइलला व्हिडिओच्या फाइलचंच नाव.

चिपळूण_ते_चर्चगेट: काका, ज्यांच्या प्लेअरला डिव्हएक्सच नव्हतं त्यांचे खरे हाल. फाइलचं एमपेग-२ (साध्या डीव्हीडीचा फॉरमॅट) करा, ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, मग डिस्क जाळा (म्हणजे बर्न करा), वर फायनलाइझ (लिहिणं पुरं करून डिस्क बंद) करायला विसरू नका. जुन्या पीसीवर एक सिनेमा रात्रभर. ४.७ जीबीची डिस्क संगणकात ४.३८ का दिसते यावर आमच्या घरी वाद! (डिस्कवर १००० च्या हिशेबाने लिहितात, संगणक १०२४ ने मोजतो.)

मुरूडकर्_स्वाती: ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. कौलं उडाली, कपाटात पाणी, सासऱ्यांनी जाळून ठेवलेल्या डिस्कचा गठ्ठा चिकटून गेला. काही वाचल्या, नातवाच्या बारशाची नाही. ज्यांच्या आहेत त्यांनी आजच हार्डडिस्कवर घ्या, खाऱ्या हवेत घरी जाळलेली डिस्क फार टिकत नाही.

खळ्यातलो: वायट वाटला गो. बारशाक आलेल्या कोणाकडे फोटो गावतत काय बघ.

मुरूडकर्_स्वाती: नणंदेकडे थोडे मिळाले. लाइट मात्र कितीतरी दिवस नव्हती तेव्हा, सगळे विहिरीवर.

गुहागरवाले_काका: @हर्णैची_पोर प्लेअर चालू होतो का? डिस्क अडली तर लेन्स कोरड्या मऊ कापडाने हळूच पूस. तरी नाही वाचली तर यूएसबीवर लावून बघ.

हर्णैची_पोर: चालू होतो काका! पण नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना नाहीत, त्यासाठी कन्व्हर्टर मागवलाय.

माहेर_देवगड: हर्णै म्हणजे बंदराकडे की पाजपंढरीकडे? माझी मावशी तिकडचीच.

हर्णैची_पोर: बंदराकडे गं. मावशींचं आडनाव निरोपात सांग, आईला विचारते.