गोचीड नि अमरवेल: एकाच माळेचे मणी?

कुंपणकार: रविवारी कुत्र्याच्या कानामागची गोचीड चिमट्याने ओढली. पोट हातात आलं, तोंड कातडीतच राहिलं. तासाभराने कुंपणावरची अमरवेल उपसायला घेतली, तर तिथेही तेच. पिवळे दोरे सटासट तुटले, बारीक गाठी फांदीला तशाच चिकटून. दोघी फुकट्या, दोघी चिवट. मग एक प्राणी आणि एक वनस्पती, हा फरक नावापुरताच का?

सूक्ष्मदर्शक: त्या गाठी म्हणजे चूषकमुळं, थेट फांदीच्या रसवाहिन्यांत घुसलेली. साम्य तर याहून पुढे जातं. गोचिडीच्या पुढच्या पायांवर हॅलरचं इंद्रिय असतं; त्याने तिला श्वासातला कार्बन डायऑक्साइड नि अंगाची ऊब कळते. अमरवेलीला नाक नाही, पण 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिच्या जातभाईंचे कोंब टोमॅटोच्या नुसत्या वासाकडे वळले. गहू नि टोमॅटो दोन्ही ठेवले तरी ओढा टोमॅटोकडेच. चोखंदळ आहे बाई!

बांधावरून: उपासाचं बघा ना. गोचीड भिंतीच्या फटीत महिनोन्महिने उपाशी बसते. अमरवेलीचा कोंब बीमधल्या शिदोरीवर निघतो, थोड्या दिवसांत झाड सापडलं नाही की वाळला. (बी मात्र मातीत वर्षानुवर्षं तग धरतं, तिथे गोचीड हरली.)

कुंपणकार: ते ठीक, पण कातडीत राहिलेल्या तोंडाचं काय? त्यातून नवी गोचीड?

सूक्ष्मदर्शक: छे! ते कुसळासारखं, बहुतेकदा कातडीच बाहेर ढकलते. जागा स्वच्छ ठेवा, सुजली तर पशुवैद्याला दाखवा. पुढच्या वेळी पोट दाबू नका. चिमटा कातडीलगत धरून सावकाश सरळ ओढा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. गोचिडीचं शरीर एकसंध; मुंडकं तुटलं की खेळ खलास. वेलीला मुंडकंच नाही. फांदीवर उरलेला इवलासा तुकडा पुन्हा फुटतो. वेल ओढत बसू नका, ती फांदीच छाटा. आणि उपसलेले दोरे दुसऱ्या झाडाजवळ अजिबात टाकायचे नाहीत.

कुंपणकार: रविवारी तो सगळा भारा जास्वंदीच्या बुंध्याशी टाकला होता. आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. दोन दोरे वर चढून गुंडाळून बसलेत.