मदत हवी आहे: कॅपाडोकियात एका दिवसाची गाइडेड टूर घ्यावी का? (बाबा लेणीवेडे, आईचे गुडघे कुरकुरे)

उंबरठा

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन तुर्कस्तानात कॅपाडोकियाला जायचं ठरलंय. मी जर्मनीत असते. ते दोघं सप्टेंबरात माझ्याकडे येतायत, मग इथून इस्तंबूलमार्गे कायसेरी. गोरेमे गावात तीन रात्री मुक्काम आहे, पण हातात पूर्ण दिवस दोनच. विमान आणि हॉटेल झालं. घोडं अडलंय टूरपाशी.

तिथले बहुतेक एजंट दोनच टूर विकताना दिसतात. 'रेड' म्हणजे जवळपासची: उचहिसारचा किल्ला, गोरेमेचं खुलं संग्रहालय (दगडात कोरलेली चर्च इथेच आहेत), पाशाबागचे टोपीवाले सुळके, देवरेंतची दरी, अवानोसचं कुंभारकाम. 'ग्रीन' म्हणजे दक्षिणेकडची: जमिनीखालचं शहर, इहलारा दरीत तीन-चार किलोमीटर चाल, सेलिमेचा मठ. जाऊन-येऊन २०० किमीच्या आसपास प्रवास.

आता अडचण माणसांची. बाबा निवृत्त झाल्यापासून लेणी बघत सुटलेत. कार्ले, भाजे, कोंडाणे झालं, अजिंठ्याला चारदा जाऊन आले. पितळखोऱ्याला आम्ही सगळे कंटाळून पायऱ्या चढून वर आलो तरी हे खालीच. टूरच्या वेळापत्रकात 'खुलं संग्रहालय: १ तास' असं वाचून म्हणाले, "एका तासात तर डोळे अंधाराला सरावतात. मग बघायचं काय?" शिवाय अजिंठा-वेरूळ जागतिक वारशात १९८३ साली गेलं आणि गोरेमे १९८५ साली, हे मला आतापर्यंत तीनदा ऐकवून झालंय.

आईला चर्चमध्ये फारसा रस नाही, तिला ते परीकथेतले दगड बघायचेत. उजवा गुडघा दुखतो, चढण्यापेक्षा उतरताना जास्त. आणि बंद जागेत तिचा जीव घाबरतो. गरम हवेच्या फुग्यात बसणार का विचारलं तर म्हणाली, "फुगे खालूनच छान दिसतात."

ग्रुप टूरची मला धास्ती आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशात अशीच टूर घेतली होती. जेवण धरून अर्धा दिवस गालिचे आणि दागिन्यांच्या दुकानांत गेला. पण गाइडशिवाय गेलो तर बाबांच्या प्रश्नांना उत्तरं कोण देणार? मी तर बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचं) हा शब्दही परवा शिकले.

तर रेड घ्यावी, ग्रीन घ्यावी, की दोन्ही सोडून आपलं आपण फिरावं? आईला भुयारी शहर आणि इहलारा झेपेल का? कुणी वयस्कर मंडळींना घेऊन गेलं असेल तर जरूर लिहा. आगाऊ धन्यवाद.

आडवाट

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. रेड टूर अजिबात घेऊ नका. त्यातली सगळी ठिकाणं गोरेमेपासून हाकेच्या अंतरावर आहेत. संग्रहालय गावापासून दीड किलोमीटर, फक्त रस्ता चढाचा आहे, म्हणून आईंसाठी टॅक्सी करा. सकाळी आठला दार उघडतं तेव्हा हजर राहा. फुगेवाले तेव्हा हॉटेलात न्याहारी करत असतात आणि टूरच्या बस यायला दहा वाजतात. ते दोन तास बाबांचे.

ग्रीनची ठिकाणं लांब आणि विखुरलेली आहेत, एसटीसारख्या गाड्यांनी एका दिवसात होत नाहीत. तिथे टूर किंवा भाड्याची गाडी घ्यावीच लागते.

कोरा_चहा

आईंच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण माझ्या सासूबाईंचे गुडघे असेच.

इहलाराच्या मुख्य दारातून उतरायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तिकडून जाऊच नका. बेलिसिर्मा नावाचं गाव दरीच्या तळाशीच आहे, तिथपर्यंत गाडी जाते. नदीकाठी खानावळी आहेत, काहींनी तर पाण्यावरच बैठका मांडल्यात. सासूबाई तिथे चहा घेत बसल्या, आम्ही दरीत चालून आलो, सगळे खूश. ग्रुप टूरमध्ये हे जमत नाही, कारण गाडी सगळ्यांना वर सोडते आणि खाली दुसऱ्या टोकाला उचलते.

सेलिमेचा मठ म्हणजे उभा चढ, दगड गुळगुळीत. खालून बघा आणि पुढे व्हा.

भुयारी शहरं दोन प्रसिद्ध आहेत. डेरिनकुयू सुमारे ८५ मीटर खोल सांगतात. तिथे लांबलचक अरुंद जिना आहे आणि समोरून माणसं आली की अडकायला होतं. काय्माक्लीत चार मजले बघायला मिळतात. खोली कमी, पण बोगदे बुटके, कमरेत वाकून जावं लागतं. आईंना आग्रह करू नका. रक्तदाब किंवा दमा असेल तर विषयच नको.

शाकाहारी असाल तर मसुराच्या डाळीचं सूप, 'मेर्जिमेक', जवळजवळ सगळीकडे मिळतं. 'एत्सिज' म्हणजे बिनमांसाचं, एवढा शब्द पाठ करा. पनीरला पेनिर आणि चहाला चायच म्हणतात, तिथे अडणार नाही.

मोडी_लिपी

अवांतर, पण महत्त्वाचं. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा एका प्रवेशाचा आहे की अनेक? वैध शेंगेन व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, ते ठीक. पण तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. एका प्रवेशाचा व्हिसा असेल तर कायसेरीहून परत जर्मनीत येता येणार नाही. आधी स्टिकर बघा.

उंबरठा

बापरे, हे डोक्यातच नव्हतं! आत्ताच बाबांकडून फोटो मागवला. MULT असं लिहिलंय, म्हणजे अनेक प्रवेशांचा. सुटलो. मोडी_लिपी, तुमचे उपकार.

कोरा_चहा ताई, बेलिसिर्मा वाचून आई एकदम तयार झालीये. पाण्यावर बसून चहा म्हटल्यावर बाकीचं काहीच ऐकत नाही.

दख्खनी_मिरची

थोडा वेगळा सूर लावतो. आम्ही अति शहाणपणा करून गाइडशिवाय संग्रहालय बघितलं. तिसऱ्या चर्चनंतर सगळी सारखीच दिसायला लागली. घुमट, दाढीवाले संत, घुमट, दाढीवाले संत. आमच्या शेजारून एक ग्रुप जात होता, त्यांचा गाइड काय रंगवून सांगत होता! आम्ही लाज सोडून त्याच्या मागे मागे फिरलो. ग्रुप टूर स्वस्त पडते, आणि दुकानात दहा मिनिटं बसल्यानं काही बिघडत नाही. दुकान टाळायचं असेल तर बुक करतानाच दुकानं किती, हे लेखी विचारा.

खडकवासलेकर

दोघांचंही बरोबर आहे. पण एजंट लोक गाइड नको तिथे विकतात. पाशाबागचा सुळका बघायला गाइड लागत नाही, भिंत वाचायला लागतो. त्यामुळे दोन दिवसांचा गाइड न घेता फक्त पहिल्या सकाळी, चर्चपुरता खासगी गाइड घ्या. तिथे गाइडला सरकारी परवाना लागतो आणि गळ्यात ओळखपत्र असतं, ते बघून घ्या. ठरवतानाच सांगा की आम्हाला तीन तास फक्त चित्रं बघायचीत, कुंभारवाडा नको. आमच्या गाइडने सगळं चर्चच्या बाहेर उभं राहून सांगितलं, आत जागा चिमुकली आणि गर्दीला थांबू देत नाहीत. म्हणून बाबांनी थोडी तयारी करून जावं.

त्यांच्यासाठी चार गोष्टी. आपला सह्याद्रीचा बसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. तिथला दगड टफ, म्हणजे ज्वालामुखीची राख साचून घट्ट झालेली. एर्जियेस, हसनदाग वगैरे ज्वालामुखींनी लाखो वर्षं ती राख ओतली. हा दगड इतका मऊ की साध्या हत्याराने खरवडता येतो, आणि उघडा पडला की वरून टणक होतो. वर कठीण दगडाची टोपी राहिली, खालचा मऊ भाग पावसापाण्याने झिजला, की सुळका तयार. तुर्की लोक त्याला 'पेरी बाजासी' म्हणतात, परीचं धुराडं. पेरी म्हणजे आपलीच परी, फारसीतून दोन्हीकडे गेलेली. आई बरोबरच म्हणाल्या.

अजिंठ्याला दगड फोडण्यातच पिढ्या गेल्या असतील. इथे खोदणं सोपं, त्यामुळे दोन-चार भिक्षूंनीही आपलं चर्च खोदावं अशी परिस्थिती. म्हणून संख्या भरमसाट आणि आकार लहान. खांब, कमानी, घुमट यांची गरज नसताना ते कोरलेत, कारण बांधलेलं चर्च असं दिसतं ही सवय. बाबांना हे लगेच ओळखू येईल. भाज्याच्या चैत्यगृहात दगडाला लाकडी वासे का लावलेत, तोच प्रकार.

तिकीट सांभाळून ठेवा, कारण तोकाली चर्च फाटकाच्या बाहेर, रस्त्यापलीकडे आहे आणि त्याच तिकिटावर बघता येतं. ग्रुप बरेचदा ते गाळतात. माझ्या मते तेच सर्वांत भारी. १०व्या शतकातलं, आधीचं छोटं चर्च पुढच्या मोठ्या चर्चची ओसरी झालंय. मोठ्या भागातला निळा रंग लाजवर्दाचा, म्हणजे लॅपिस लॅझुली या निळ्या दगडाचा आहे. अजिंठ्यातला निळाही लाजवर्दाचाच. त्या काळी लाजवर्द म्हणजे अफगाणिस्तानातलं बदख्शान. एकाच डोंगराकडचा दगड, एक वाट वाघूर नदीकडे आली, दुसरी इकडे गेली.

अंधारं चर्च, म्हणजे कारानलिक किलिसे, याचं तिकीट वेगळं असतं. ते काढाच. एका लहानशा खिडकीतून जेमतेम उजेड येतो, म्हणून ११व्या शतकातले रंग टिकले. नंतरच्या काळात गावकऱ्यांनी ते कबुतरखाना म्हणून वापरलं. कबुतरांची विष्ठा हे तिथल्या द्राक्षमळ्यांचं खत. अनेक चर्चची दारं-खिडक्या अशीच बुजवली गेली. चित्रांवरची विष्ठा पुढे खरवडून काढावी लागली, पण माणसांच्या हातांपासून चित्रं तिथे वाचली. जिथे नाही वाचली तिथे संतांचे डोळे उकरलेले दिसतील.

संत बार्बराच्या चर्चमध्ये दगडावर थेट लाल रंगात भौमितिक आकृत्या आहेत. त्या ८व्या-९व्या शतकातल्या प्रतिमाबंदीच्या, म्हणजे संतांची चित्रं काढायला मनाई होती त्या काळातल्या आहेत असं पुष्कळ गाइड ठोकून देतात. अभ्यासक ते चर्च ११व्या शतकातलं मानतात. बाबांना हा प्रश्न विचारू द्या, गाइडची परीक्षा होईल.

उंबरठा

काका, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. लाजवर्दापाशी त्यांनी मला थांबवलं आणि वही आणायला गेले.

मग असं करते. पहिल्या दिवशी आठ ते अकरा खासगी गाइडबरोबर संग्रहालय आणि तोकाली. तोपर्यंत आई हॉटेलच्या गच्चीवर, मग जेवून टॅक्सीने पाशाबाग. दुसऱ्या दिवशी गाइड नको, फक्त ड्रायव्हरसह गाडी: काय्माक्ली, मग बेलिसिर्मा. पाशाबागनंतर काही जोडता येईल का?

आडवाट

शेजारीच झेल्वे आहे, तिथे गर्दी कमी. १९५०च्या दशकापर्यंत माणसं त्या दगडातल्या घरांत राहत होती, दरडींच्या भीतीने त्यांना हलवलं. वाटेत चावुशिनला बाबांना दहा मिनिटं उतरवा. बायझंटाइन सम्राट निकेफोरस फोकासचं चित्र असलेलं चर्च आहे, रस्त्यालगतच, पण जिना लोखंडी आणि उभा, आई गाडीत बसतील. संध्याकाळी गारठा असतो, स्वेटर हाताशी ठेवा. उंची हजार मीटरच्या वर आहे.

उंबरठा

धागा वर काढतेय. परवा परत आलो.

गाइडबाई फार चांगल्या मिळाल्या. बार्बराचा प्रश्न बाबांनी विचारलाच. त्या हसल्या आणि म्हणाल्या की ग्रुपबरोबर असते तर मीही ८वं शतकच सांगितलं असतं, ते सांगायला सोपं जातं. अंधाऱ्या चर्चमध्ये फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे बाबांनी बाहेर पायरीवर बसून आठवेल तसं वहीत काढलं, परत आत गेले, परत काढलं. तोकालीत आम्ही तासभर होतो. त्या तासात दोनच ग्रुप आले, दोन्ही पाचेक मिनिटांत गेले. तीन तासांचे साडेचार झाले, झेल्वे राहिलं.

एक गोष्ट लिहायची राहू नये. गाइडबाईंनी १९२३ची लोकसंख्येची अदलाबदल सांगितली. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले, तिकडचे मुसलमान इकडे आले. बाबा बराच वेळ गप्प होते. आजीचं माहेर कराचीत होतं आमच्या.

काय्माक्लीला आई "मी बाहेरच" म्हणत म्हणत पहिल्या मजल्यापर्यंत आली, तिथे गोठा आहे. जनावरं वरच्याच मजल्यावर का, हे तिला न सांगता कळलं: "खाली कोण उतरवणार गाईला?" मग ती परत वर गेली. आतून ढकलायचा तो जात्यासारखा गोल दगडी दरवाजा बघायला आम्ही दोघं पुढे गेलो. बाबांचं डोकं तीनदा आपटलं. टोपी न्या, ही माझ्याकडून भर.

बेलिसिर्माला पाण्यावरच्या बैठकीत आईने अडीच तास काढले आणि पाच चहा. हिशोब ड्रायव्हरने ठेवला.