शब्दचर्चा : धूलिकणांची ‘उत्क्रांती’ की ‘स्थित्यंतरे’?

प्रश्न (खानापूर) : शाळेतील मुलांसाठी आंतरतारकीय, म्हणजे ताऱ्यांमधल्या अवकाशातील, धुळीवर टिपण लिहीत आहे. तारे जन्मतात त्या मेघांमध्ये धूलिकण बदलत जातात, त्याला ‘उत्क्रांती’ म्हणावे काय? आणि मुळात ‘धूळ’ हा शब्द तिथे शोभतो काय?

उत्तर (बेळगाव) : ताई, ‘उत्क्रांती’तील ‘उत्’ वरची दिशा सुचवतो, शिवाय त्या शब्दामागून सजीवांच्या पिढ्या डोळ्यांपुढे येतात. धूलिकणाच्या बदलांना अशी एक दिशा नाही. उणे 260 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या दाट मेघात त्याच्यावर पाण्याच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या बर्फाचे पुट चढते, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात; पण जवळच एखादा प्रचंड तप्त तारा प्रज्वलित झाला की ते पुट उडून जाते आणि आघाततरंगात, म्हणजे वायूतून वेगाने जाणाऱ्या दाबाच्या लाटेत, सापडलेले कण फुटून पुन्हा बारीक होतात. घडणे व मोडणे या दोन्हींना जागा देणारा ‘स्थित्यंतरे’ हा शब्द मला म्हणूनच नेमका वाटतो. ‘पुट’ मात्र अवश्य वापरावा. एरवी आपण वस्तूवर धुळीचे पुट चढले म्हणतो, इथे धुळीवरच पुट चढते, हे मुलांच्या चटकन लक्षात राहील.

‘धूळ’ म्हटले की आपल्याला उन्हाळ्यातल्या गाडीवाटेचा फुफाटा आठवतो, आणि तो माती दळली जाऊन होतो. आकाशातील बरीचशी धूळ याच्या उलट रीतीने, म्हाताऱ्या ताऱ्यांतून बाहेर पडणारा वायू निवताना, दिव्याच्या काचेवर काजळी धरावी तशी तयार होते, आणि तिचे कण साधारण 0.1 मायक्रोमीटरचे, म्हणजे धुराच्या कणांच्या जवळचे असतात. तरीही ‘काजळी’ म्हणू नये, कारण त्यांत कार्बनाबरोबर सिलिकेटेही, म्हणजे दगडाचे द्रव्यही असते. ‘धूळ’च ठेवावी आणि ती कशी जन्मते ते एका वाक्यात सांगावे.

पुरवणी (चिकोडी) : सर, आपल्या भागात एक अडचण आणखी आहे. कन्नडमध्ये ‘कण’ म्हणजे सूक्ष्म अंश, तसेच मळणीचे खळेही. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला नुसत्या ‘कण’ने खळे आठवू शकते, म्हणून निदान पहिल्या उल्लेखात ‘धूलिकण’ असा पूर्ण शब्द द्यावा. नवजात ताऱ्याभोवतीच्या तबकडीत हेच कण मिलिमीटरभर आणि पुढे त्याहून मोठे होतात, तिथे मी ‘रेव’ म्हणेन.