केनियाच्या बायकांचं काम विसरू नका
वर कुणीतरी लिहिलंय की पर्यावरण चळवळ म्हणजे खाऊनपिऊन सुखी लोकांचं काम, ते अजिबात पटलं नाही. केनियात १९७७ला पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाईंनी ग्रीन बेल्ट ही झाडं लावायची चळवळ सुरू केली तेव्हा खेड्यातल्या बायकांना साधं सरपण मिळेना, ओढे आटलेले. वनखात्याचे लोक म्हणे झाडं लावायला शिक्षण लागतं, तर या बायकांनी आसपासच्या झाडांचं बी गोळा करून फुटक्या मडक्यांत रोपं केली, आणि पैसे मिळायचे ते जगलेल्या रोपामागे, नुसत्या लावलेल्या नाही! आपल्याकडच्या वृक्षारोपणात नेमकं हेच राहून जातं. पुढे १९८९ला नैरोबीच्या उहुरू पार्कात ६० मजली टॉवर येणार होता, मथाईंनी पत्रांवर पत्रं लिहिली, संसदेत शिव्या खाल्ल्या, पण शेवटी परदेशी गुंतवणूकदार मागे हटले आणि पार्क वाचला.