शाकाहारी कुटुंबाने ओनसेन र्‍योकानवर पैसे घालावेत का? माझं मत: नाही

सायलीचा_मांडव

मागच्या नोव्हेंबरात आम्ही चौघं (मी, नवरा, अकरावीतला मुलगा आणि सासूबाई) जपानमधल्या हाकोनेला एका र्‍योकानमध्ये एक रात्र राहिलो. ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: र्‍योकान म्हणजे जुन्या पद्धतीचं जपानी मुक्कामाचं घर. तातामी चटयांची खोली, जमिनीवर अंथरलेली गादी, अंगात युकाता (सुती झगा), आणि आवारातच गरम झऱ्याचं पाणी, म्हणजे ओनसेन. दर बहुतेक ठिकाणी माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. आम्हाला माणशी २२,००० येन पडले. चौघांचे ८८,००० येन, म्हणजे साधारण ५०,००० रुपये. एका रात्रीचे.

दोन महिने आधी मेल करून 'मांस नको, मासे नकोत' असं कळवलं होतं. ताटात मासा दिसला नाही हे खरं. पण सूप, शिजवलेला मुळा, टेंपुरासोबतचं (पिठात बुडवून तळलेल्या भाज्यांसोबतचं) पाणी, सगळ्यात दाशी होतं. दाशी म्हणजे पदार्थांचा पायाभूत अर्क, आणि इथे तो कात्सुओबुशीचा, म्हणजे धुरावर वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचा. मुलाने फोनवर भाषांतर करून विचारलं, तेव्हा वाढणाऱ्या बाई गुडघ्यांवर बसून इतक्या वेळा क्षमा मागत राहिल्या की आम्हालाच अपराधी वाटलं. सासूबाईंनी पांढरा भात आणि बरोबर नेलेलं मेतकूट खाल्लं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर टोचत राहिलं.

ज्या मुक्कामाचा मोठा खर्च ताटावर होतो, तिथे ते ताटच खाता येणार नसेल तर जाऊ नये. आंघोळच करायची तर बऱ्याच ठिकाणी 'हिगाएरी' मिळते, म्हणजे दिवसा जायचं, आंघोळ करून परतायचं. हाकोनेत हजार-दोन हजार येनांत होते.

---

नागोयाहून

सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. बारा वर्षं इथे राहतोय, शाकाहारी आहे, आणि तरीही तुमच्या निष्कर्षाशी सहमत नाही.

आपल्याकडे फोडणीतला हिंग कुणी वेगळा पदार्थ म्हणून मोजत नाही, तसं इथे दाशीचं आहे. 'मासे नकोत' म्हटल्यावर स्वयंपाकी ताटातला मासा काढतो. दाशी त्याच्या लेखी पाण्यासारखंच. त्यामुळे मेलमध्ये दाशीचं नाव घेऊनच लिहावं लागतं. कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिइताके अळंबीचं दाशी चालेल हेही लिहायचं, म्हणजे त्यांना वाट सापडते. काही र्‍योकान यावर 'जमणार नाही' असं कळवतात. तो नकार मला प्रामाणिक वाटतो. दुसरा मार्ग 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय फक्त मुक्काम. अनेक ठिकाणी मिळतो आणि बराच स्वस्त पडतो.

पण हिगाएरीने काम भागतं हे अजिबात मान्य नाही. र्‍योकानमधली आंघोळ एकदा उरकून टाकायची नसते. आल्यावर एकदा, जेवणानंतर एकदा, आणि पहाटे उजाडायच्या आधी एकदा. पुष्कळ ठिकाणी रात्रीतून पुरुष-बायकांचे पडदे बदलतात, म्हणजे काल त्यांच्या बाजूला असलेलं उघड्यावरचं कुंड सकाळी तुमचं होतं. थंडीत डोकं गार, अंग गरम, वर अजून चांदण्या. दुपारी दोन वाजता टॉवेल घेऊन आत शिरणाऱ्याला यातलं काय मिळणार?

---

चहा_अर्धा

मूळ धाग्याला +१, आणि माझं कारण जेवणाचं नाही. मी मासे खातो.

दुपारी तीनला खोली मिळते, सहा-सातच्या सुमारास जेवण, सकाळी दहाला बाहेर. आठ दिवसांच्या सहलीत हा सर्वांत महाग दिवस, आणि तो घड्याळावर चालतो. शिवाय पाण्याचं काय? जपानच्या १९४८ च्या ओनसेन कायद्यानुसार उगमापाशी पाणी २५ अंश असलं, किंवा यादीतल्या १९ घटकांपैकी एक जरी ठरलेल्या प्रमाणात असला, तरी ते ओनसेन. म्हणजे कोमट पाणी तापवून, तेच गाळून पुन्हा फिरवलं तरी नाव तेच राहतं. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने इथे पाणी दुधाळ दिसावं म्हणून त्यात पूड मिसळत असल्याचं उघड झालं. देशभर गदारोळ झाला, आणि पुढच्या वर्षी नियम आला की पाणी मिसळता, तापवता की फिरवता ते पाटीवर लिहा. ही पाटी आपल्यातले किती जण बघतात?

पैसे पाण्याला द्यायचे असतील तर कुसात्सुला जा. आम्लधर्मी पाणी, उगमाला ५० अंशांच्या वर. थंड पाणी घातलं तर गुण पातळ होतील म्हणून लाकडी फळ्यांनी ढवळून निववायची जुनी रीत आहे, तिला युमोमी म्हणतात. गावात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. साध्या हॉटेलात राहायचं आणि तिथे डुंबायचं.

---

पारिजात_अंगणी

मी पाण्याचं रसायन जाणत नाही. आईबद्दल सांगते.

आई ६७ वर्षांची. बाबा गेल्यावर दोन वर्षं ती घराबाहेरच पडत नव्हती. भावाकडे ओसाकाला गेलो तेव्हा त्याने एका छोट्या र्‍योकानमध्ये दोन रात्री घेतल्या. ओनसेनमध्ये अंगावर काही ठेवायचं नसतं हे कळल्यावर आई खोलीतच बसून राहिली. जन्मभर कडी लावून आंघोळ केलेली बाई ती. पहिल्या संध्याकाळी गेलीच नाही. रात्री साडेदहाला, गर्दी ओसरल्यावर, माझा हात धरून आली. आत एक म्हातारी जपानी आजी होती. तिने आमच्याकडे निरखून पाहिलं नाही, फक्त स्वतःशेजारचं बुटकं स्टूल आईकडे सरकवलं आणि शॉवर कसा सुरू करायचा ते हाताने दाखवलं. आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, केस वर बांधायचे, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. मग आई उतरली. गुडघे पाण्यात गेल्यावर तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती तीनदा गेली, तीनही वेळा एकटी. दिवसाच्या तिकिटावर आलो असतो तर त्या पहिल्या संध्याकाळीच आम्ही परत फिरलो असतो. सायलीताई, एक रात्र वाया गेली म्हणून सगळंच वाया असं नका म्हणू.

---

वेशीवरचा_पिंपळ

पारिजात, तुमच्या आईला शेजारच्या आजीने स्टूल दिलं. माझ्या आजीला आत सोडलंच नाही.

आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. तुळशीवृंदावन, आणि हनुवटीवर तीन ठिपके. स्नानगृहाच्या दाराशी 'टॅटू असलेल्यांना प्रवेश नाही' अशी चित्राची पाटी होती. कर्मचाऱ्याने नम्रपणे चिकटपट्ट्या आणून दिल्या, झाकून जा म्हणाला. आजीने नाही म्हटलं. मेल्यावर बाकी सगळे दागिने उतरवतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ऐकत ती वाढली. ते झाकून ती पाण्यात उतरणार नव्हती. मी तिच्या बाजूने होतो आणि आजही आहे.

२०१३ मध्ये होक्काइदोत चेहऱ्यावर पारंपरिक गोंदण असलेल्या, न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या एका बाईंनाही असंच परत पाठवलं होतं. यजमानधर्माचं इतकं नाव असलेल्या जागी हे व्हावं?

---

नागोयाहून

पिंपळ, आजींचं अगदी बरोबर होतं. नियमामागे भीती याकुझाची, गुन्हेगारी टोळ्यांची. तिथे पाठभर गोंदवून घेतात. पण म्हातारीच्या तुळशीवृंदावनाला तोच नियम लावणं हा आळस आहे. ह्योगोतल्या किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण चालतं. युकाता आणि लाकडी गेता (चपला) घालून लोक संध्याकाळी एका स्नानगृहातून दुसऱ्यात हिंडतात. गावातल्या र्‍योकानच्या पाहुण्यांना त्याचा पासही मिळतो. आजींना तिथे न्या. नाहीतर तासाभरासाठी 'काशिकिरी' घ्या, म्हणजे फक्त कुटुंबापुरतं कुंड.

---

चहा_अर्धा

काशिकिरी एकवेळ ठीक. पण आता प्रत्येकाला खोलीतच स्वतःचं कुंड हवं असतं, त्याबद्दल बोलायला हवं. सागा प्रांतातल्या उरेशिनोत झऱ्याची पातळी घटली, तेव्हा खोलीखोलीतल्या कुंडांकडे बोट दाखवलं गेलं. दहा जणांनी वाटून घ्यायचं पाणी एका जोडप्यासाठी रात्रभर वाहतं. लाज वाटते म्हणून अख्खा झरा मागायचा का? पारिजातच्या आई गेल्याच ना.

---

सायलीचा_मांडव

सगळं वाचलं. शीर्षकात 'जेवणासकट' हा शब्द राहून गेला, तो माझा दोष. जेवणासकट ५०,००० घालू नयेत यावर मी ठाम आहे. पण मुक्कामाबद्दल नागोयाहून यांचं पटलं. त्या रात्री आम्ही जेवणावरून इतके खट्टू झालो की पहाटे कुणीच पाण्यात उतरलं नाही. ते ऐकल्यावर सासूबाई आज म्हणाल्या, "मला उठवायचं होतंस, मी जागीच होते." मेलमध्ये नेमकं काय लिहायचं ते द्याल का?

---

नागोयाहून

हे लिहा: "कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन. कोंबू तो शिइताके नो दाशी वा दाइजोबू देसु." पहिल्या वाक्यात कात्सुओचं दाशीही चालत नाही, दुसऱ्यात काय चालतं ते. खोली ठरवण्याआधी पाठवा, नंतर नाही.

---

चहा_अर्धा

माझा विरोध इथेही आहे. आठ-दहा खोल्यांचं घर, एक स्वयंपाकी, त्या दिवशीचा बाजार पाहून सगळ्यांसाठी ठरवलेला एकच बेत. चौघांसाठी दुसरं दाशी म्हणजे त्याला अर्धा बेत पुन्हा रचायचा. तो हो म्हणेल, कारण नाही म्हणणं त्याला जड जातं. सुदोमारी घ्या, मेतकूट-भात न्या, आणि पहाटे सासूबाईंना उठवा.