मदत हवी आहे : पोराचा निराधारचा पगार जुलैपासून बंद, तहसील आणि बँक फिरवून राहिले

गोलूची आई
नमस्कार. माझ्या पोराचा पगार जुलैपासून बंद आहे. तहसीलात चार चकरा झाल्या. आधी म्हणाले यादीत नाव आहे, येईल. मग म्हणाले डीबीटी, म्हणजे सरकारकडून सरळ खात्यात पैसे, ते सुरू नाही, बँकेत जा. बँकेतल्या मॅडम म्हणतात आधार लिंक आहे, आमच्याकडून काही बाकी नाही, तहसीलात जा. सध्या कापूस वेचणी सुरू आहे. एका चकरेत एक दिवसाची मजुरी बुडते, आणि गोलूला कोणाजवळ ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. सासूबाईच्यानं तो आता उचलल्या जात नाही. कागदपत्रं सगळी बरोबर आहेत. नेमकं कोणाला भेटायचं तेवढं सांगा. सोमवारी पुन्हा जायचं आहे.

हिशेबनीस
मुलगा कुठं नोकरीला आहे? पगार थकला असेल तर कामगार आयुक्तांकडे तक्रार करता येते.

पऱ्हाटी
दादा, नोकरीचा नाही. आमच्याकडं सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला पगारच म्हणतात.
ताई, जरा सविस्तर लिहा. पोराचं वय किती? अपंगत्व कोणतं, किती टक्के? खातं कोणाच्या नावावर? तालुका कोणता? हयातीचा दाखला दिला होता का?

गोलूची आई
हो, संजय गांधीचाच. वय ९ वर्षं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हातपाय ताठ राहतात), ८० टक्के, सर्टिफिकेट आहे. हयातीचा दाखला मार्चमध्येच दिला. खातं गोलूचं आणि माझं जोडून आहे. यवतमाळ जिल्हा. तालुका लिहत नाही, कोणी वाचलं तर फाईल खाली जाईल. पण हे सगळं तर त्यांच्याकडं कागदावर आहेच ना? मी विचारून राहिले की भेटायचं कोणाला.

हिशेबनीस
माफ करा, मी चुकीचं समजलो. पण एक गोष्ट पालकांना माहीत नसते म्हणून लिहितो. अपंग मुलाचा सांभाळ करणाऱ्याला आयकरात कलम ८० डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते. ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर १,२५,०००. प्रत्यक्ष खर्च किती झाला ते बघत नाहीत. फक्त जुनी करप्रणाली निवडावी लागते. ८० टक्के म्हणजे तुम्ही वरच्या गटात बसता.

पऱ्हाटी
दादा, माहिती चांगली आहे, नोकरीवाल्या पालकांना कामी येईल. पण संजय गांधीत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादाच वर्षाला ५०,००० आहे. त्या घरात आयकर कुठून येणार?

मायबोली यवतमाळ
ताई, तुमचे लाडकी बहीणचे १५०० सुरू आहेत का? असतील तर तेच कारण आहे. एका घरात दोन योजना चालत नाहीत. आमच्या शेजारणीचं तसंच झालं.

सेतूवाला
असं पसरवू नका. लाडकी बहीणमध्ये अट बाईच्या स्वतःच्या नावावरच्या लाभाची आहे. तिलाच दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती अपात्र. इथं पगार पोराच्या नावावर आहे. तुमच्या शेजारणीला विधवा म्हणून स्वतःचा निराधार असेल, विचारून बघा.

मायबोली यवतमाळ
हो, ती विधवाच आहे. पण तहसीलात तिला असंच सांगितलं होतं.

सेतूवाला
तिच्यासाठी ते बरोबर. गोलूसाठी नाही.
गोलूच्या आई, मी बारा वर्षांपासून सेतू केंद्र चालवतो. आधी तहसीलातून बँकेला यादी जायची आणि पैसे पडायचे. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे डीबीटीनं, म्हणजे आधार नंबरवर येतात. बँकेत आधार 'लिंक' असणं वेगळं आणि डीबीटीसाठी 'मॅप', म्हणजे पैसे कोणत्या खात्यात टाकायचे ते जोडलेलं असणं वेगळं. मॅडमच्या स्क्रीनवर लिंक दिसते, म्हणून त्या हो म्हणतात. तुम्ही दुसऱ्या बँकेत पोराचं नवीन खातं काढा, तिथं डीबीटीचा फॉर्म भरा. माझ्याकडं आलेल्या बहुतेकांचं असंच सुटलं.

बांधावरून
आणि ग्रामपंचायतीला विसरू नका. स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं बंधनकारक आहे. ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या, ग्रामसभेत वाचायला लावा. आमच्या गावात या पैशातून दोन घरांना खुर्च्या मिळाल्या. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

मेळघाटी
मुळात रक्कमच तोकडी आहे. जून २०२५ मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, तेव्हा दिव्यांगांना ६००० रुपये महिना ही मागणी होती. ऑक्टोबर २०२५ पासून १५०० चे २५०० झाले. एका पोराचं दूध, डायपर, औषध, गाडीभाडं धरलं तर २५०० किती दिवस पुरतात?

मायबोली यवतमाळ
डायपरचंच पाकीट किती महाग झालं. मेळघाटी भाऊ बरोबर बोलले. पण उपोषण केवळ दिव्यांगांसाठी नव्हतं, कर्जमाफी मुख्य होती.

मेळघाटी
दोन्ही मागण्या होत्या. मी स्वतः तिथं होतो.

वर्धेची ताई
त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथं लिहीन. इथं सोमवार जवळ आला आहे.
गोलूच्या आई, माझी मुलगी १४ वर्षांची आहे, तिलाही सेरेब्रल पाल्सी. मला एकच सांगा. गोलूचं आधार कधी काढलं? आणि पाच वर्षांचा झाल्यावर बोटांचे ठसे दिले होते का?

गोलूची आई
आधार एक वर्षाचा असताना काढलं, अंगणवाडीत मागितलं होतं म्हणून. ठशासाठी दोन वर्षांपूर्वी नेलं होतं. ताई, त्याची मूठ उघडत नाही. अंगठा आत आणि चार बोटं वरून आवळलेली. कोणी हात धरला की अजून घट्ट करतो. केंद्रातल्या पोरानं एकेक बोट धरून काचेवर दाबलं, मशीन लालच दाखवे. तीनदा झालं. गोलूचा रडून रडून श्वास अडकला, बोटाच्या सांध्यावर लाल वळ उठले. मी म्हटलं राहू द्या, आणि घेऊन आले. मागं रांग होती, कोणी परत बोलावलं नाही. पण त्याचा पगाराशी काय संबंध? पगार तर त्यानंतरही येतच होता.

वर्धेची ताई
तिथंच अडकलं आहे, मला जवळजवळ खात्री आहे. लहानपणी काढलेल्या आधारमध्ये ठसे नसतात. पाच वर्षांनंतर ते द्यावे लागतात. सात वर्षांपर्यंत दिले नाहीत तर आधार बंद होऊ शकतं. आधार बंद तर डीबीटी परत जातो. बँकेच्या स्क्रीनवर जुनी लिंक तशीच दिसत राहते. दोघंही आपापल्या जागी खरं बोलून राहिले आणि तुम्ही मधात फिरून राहिल्या.
आधारच्या वेबसाईटवर गोलूचा नंबर टाकून 'आधार तपासा' करा. नंबर इथं धाग्यावर टाकू नका.

सेतूवाला
ताई, हे इतकं ओढून आणायची गरज नाही. नवीन खातं हा सोपा मार्ग आहे.

वर्धेची ताई
दादा, आधार बंद असेल तर नवीन खात्याचं केवायसी कशावर करणार? अजून दोन दिवसांची मजुरी बुडेल. आधी तपासू द्या.

गोलूची आई
तपासलं. 'डीअ‍ॅक्टिव्हेट' असं आलं. हात थरथरून राहिले. पाच महिने झाले, तहसीलात चार माणसांशी बोलले, एकानंही हे सांगितलं नाही.
आता मूठच उघडत नाही तर ठसे कसे द्यायचे? म्हणजे पगार कायमचा गेला का?

वर्धेची ताई
नाही. अजिबात नाही. ज्याच्या बोटांचे ठसे किंवा डोळ्यांचं स्कॅन घेता येत नाही त्याच्यासाठी आधारमध्येच 'बायोमेट्रिक अपवाद' अशी सोय आहे. ऑपरेटर जी बोटं येत नाहीत ती अपवाद म्हणून नोंदवतो आणि चेहरा व दोन्ही हात दिसतील असा एक फोटो काढतो. झालं. 'होत नाही' म्हणाला तर हा शब्द सांगा. तरी नाही म्हणाला तर त्याच्यासमोर १९४७ ला फोन लावा. पैसे देऊ नका, सात ते पंधरा वर्षांच्या मुलांचं हे अपडेट ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभर फुकट आहे.
माझ्या मुलीच्या वेळी मी काय केलं ते सांगते. सकाळच्या गर्दीत नेऊ नका. ही मुलं घाबरली की अंग अजून ताठ होतं. दुपारी जेवण, झोप झाल्यावर न्या. निघायच्या आधी दोन्ही हात दहा मिनिटं कोमट पाण्यात धरा. मूठ उघडायची तर बोटं ओढू नका. मनगट खाली वाकवा, बोटं आपोआप सैल होतात, मग अंगठा मुळापासून बाहेर काढा. टोकाला धरून ओढलं तर दुखतं. दोन-चार बोटं आली तर चांगलंच, नाही आली तर अपवाद आहेच.

बांधावरून
सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट म्हटलं आहे की आधार दाखवता आलं नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. पोराला कशाला ओढत नेता? तहसीलदारांना निकालाचा दाखला देऊन अर्ज करा.

सेतूवाला
भाऊ, पोर्टलवर आधारशिवाय ओळच पुढं सरकत नाही. कारकून निकाल वाचून काय करणार? वर्धेच्या ताईचं बरोबर आहे, मी माझं नवीन खात्याचं मागं घेतो. आधी आधार सुरू करा.

बांधावरून
पोर्टल सरकत नाही म्हणूनच लेखी द्यायचं. चार चकरा झाल्या, एकीचाही कागद ताईंकडं नाही. उद्या थकबाकी मागायची झाली तर जुलैपासून येत होत्या हे कशानं दाखवणार?

सेतूवाला
हे मात्र पटलं. गोलूच्या आई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर : तहसीलात संजय गांधी शाखा असते, तिथले नायब तहसीलदार. खिडकीवर विचारून परत येऊ नका. साध्या कागदावर अर्ज, सोबत आधार अपडेटची पावती, पासबुक, सर्टिफिकेट यांच्या झेरॉक्स. आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.
सर्टिफिकेट कोणतं आहे? जुनं एसएडीएमचं (राज्याच्या जुन्या पद्धतीचं) की यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र)?

गोलूची आई
जुनं आहे वाटते. निळ्या शिक्क्याचा कागद, लॅमिनेशन केलेला. कार्ड नाही.

सेतूवाला
मग स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी अर्ज टाकून ठेवा. २५०० चा दर लावताना तहसीलातून तेच मागतात. हे तुम्ही पहिल्याच पोस्टीत लिहायला हवं होतं.

पऱ्हाटी
८० टक्के आहे तर एसटीत गोलूला ७५ टक्के सवलत आहे, आणि सोबतच्यालाही ५० टक्के. तुम्हाला बाई म्हणून तसंही अर्धं तिकीट लागते, पण त्याचे बाबा नेतील तेव्हा कामी येईल.

वर्धेची ताई
निरामयाही काढून घ्या. नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. दवाखान्यात भरती नसतानाची फिजिओथेरपीही त्यात बसते.

मायबोली यवतमाळ
त्याला पक्की बिलं लागतात. खेड्यात थेरपीवाला बिल देते का? माझ्या भावाच्या पोराचे दोन क्लेम परत आले.

वर्धेची ताई
बिल मागायचंच, नाही देत तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिथं देतात तिथं महिन्यातून एकदा जायचं. आमचे मिळाले आहेत. सोडून देऊ नका.

तेंदूपत्ता
मधातच विचारतो. माझ्या मुलीला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे तीव्र प्रकार. तिला यातलं काही मिळते का? आम्ही गडचिरोलीकडचे.

सेतूवाला
२०१६ च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे. यूडीआयडीसाठी अर्ज करा. संजय गांधीच्या आजारांतही सिकलसेल धरतात. बाकी नवीन धाग्यात लिहा, तिथं सविस्तर सांगतो.

गोलूची आई
आज झालं. सोमवारी तहसीलात न जाता मंगळवारी दुपारी केंद्रात नेलं. हात कोमट पाण्यात धरले तेव्हा त्याला मजा वाटली, पाणी उडवत होता. ऑपरेटर आधी म्हणाला बोटं नाही तर होत नाही. मी 'बायोमेट्रिक अपवाद' म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, कोणाला तरी फोन केला, आणि मग बसला. मनगट वाकवल्यावर उजव्या हाताची दोन बोटं आली. बाकीच्यांचा अपवाद टाकला. डोळ्यासाठी मान स्थिर राहीना, मी मशीनच्या मागं मोबाईलवर त्याचं आवडतं ट्रॅक्टरचं गाणं लावलं, तेव्हा एक डोळा आला. दोन हातांचा फोटो काढताना गोलू हसला आहे. पावती मिळाली.
येताना तहसीलात अर्ज दिला, शिक्का घेतला. नायब तहसीलदार साहेबांनी पावतीचा नंबर वहीत लिहून घेतला. आधार सुरू झालं की बँकेत डीबीटीचा फॉर्म पुन्हा भरायला सांगितलं.

सेतूवाला
बरोबर सांगितलं. फॉर्म भरल्यावर तीन-चार दिवसांनी आधारच्या साईटवर 'बँक सीडिंग' तपासा. तिथं तुमच्या बँकेचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं की मगच तहसीलात कळवा.

गोलूची आई
आधार सुरू झालं. आज सकाळी साईटवर पाहिलं. उद्या बँकेत जाते, जाऊबाई गोलूजवळ थांबणार आहे. पैसे पडले की इथंच लिहीन.
वर्धेच्या ताई, तुमच्या मुलीच्या हाताला पट्टी लावता असं दुसऱ्या धाग्यात वाचलं. अंगठा बाहेर राहायला. तिचं माप कसं घ्यायचं? इथल्या मेडिकलमध्ये विचारलं तर मोठ्या माणसांचीच आहे म्हणाले.

वर्धेची ताई
मेडिकलमधली घेऊ नका. ती मापानं नाही होत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट प्लास्टिकची पट्टी गरम पाण्यात मऊ करून थेट मुलाच्या हातावर बसवतात, गार झाली की तोच आकार राहतो. तुमच्या जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात थेरपिस्ट कोणत्या वारी बसतात ते आधी फोनवर विचारा. नेताना पोट भरून न्या, आणि तेच ट्रॅक्टरचं गाणं सोबत ठेवा.